दोडक्याला ऊन लागलं नव्हतं

नागपुरात फेरेट पाळणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. त्यातल्या कुणाच्या फेरेटनं ऐन उन्हाळ्यात खाणं सोडलं, तर त्यांनी आमच्यासारखा अख्खा दिवस शहाणपणा करण्यात घालवू नये, म्हणून हे लिहिते आहे. ज्यांच्याकडे फेरेट नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. घरातल्या कुणाच्याही दुखण्यात आपण आधी काय करतो, ते त्यांनाही यात ओळखू येईल.

फेरेट म्हणजे मुंगूस नव्हे. हे वाक्य मी आमच्या धरमपेठेतल्या बिल्डिंगमध्ये इतक्यांदा बोलले आहे की, मला आता कुणी नाव विचारलं तरी आधी तेच तोंडात येतं. हातभर लांब, अंगानं लवचीक, डोळ्यांवर काळा पट्टा, मांस खाणारा आणि दिवसातला बहुतेक वेळ झोपणारा हा प्राणी. उरलेल्या वेळात चोऱ्या करतो. आमची मुलगी ऋचा पुण्यात शिकत असताना तिची मैत्रीण परदेशी गेली आणि जाताना हा तिच्या गळ्यात टाकून गेली. पुढे ऋचाला बंगलोरला नोकरी लागली, तिथल्या घरमालकाला जनावर चालेना, म्हणून 'थोडे दिवस' तो आमच्याकडे आला. ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत.

ऋचानं त्याचं नाव मोका ठेवलं होतं. माझ्या मिस्टरांनी त्याला पिशवीतून बाहेर येताना पाहिलं. तो येतच होता, येतच होता, संपेचना. हे म्हणाले, "हा त दोडका हाय वं!" तेव्हापासून तो दोडका. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, घरात शिस्त ठेवली, आणि निवृत्तीनंतर एका दोडक्याची शी काढायला लागले.

कूलर

हे मूळचे काटोलचे. तिथं यांची संत्र्याची आडत आहे. भर उन्हाळ्यात बाजार थंड असतो, म्हणून हे घरी असतात आणि घरी असले की कूलर उघडतात. मिस्त्री बोलवायचा नाही, हा यांचा नियम. जाळ्यांतला जुना वाळा काढायचा, नवीन भरायचा, टाकी घासायची, पंप सोडून साफ करायचा. सगळा हॉल दोन दिवस गॅरेज होतो.

या वर्षी मदतीला दोडका होता. रिकाम्या टाकीत उतरून तो आतून खरवडायचा, वाळ्याची काडी घेऊन पळायचा. त्याला मऊ आणि रबरी काही दिसलं की संपलं. मोबाइलच्या इयरफोनचं बोंडूक, खोडरबर, स्लिपरचा अंगठा, जे मिळेल ते तोंडात धरून सोफ्याखाली. तिथं त्याचा खजिना असे. दर रविवारी हे जमिनीवर पालथे पडून काठीनं तो बाहेर ओढायचे आणि मालकांना परत करायचे. यांना त्याचं भारी कौतुक. "आपल्या घरात कमावून आणणारा हा एकच पोरगा," असं म्हणायचे.

स्वच्छ ट्रे

कूलर सुरू झाला आणि एक-दोन दिवसांत दोडका बिघडला. सकाळी मी चिकनचे तुकडे ठेवले, त्यानं हुंगून तोंड फिरवलं. मग फरशीवर पोट टेकवून पडला. पुढचे पाय तोंडावर घासत होता, जणू ओठांना काही चिकटलंय. लाळ येत होती. उठून चालला तर मागचे पाय ओढत. आणि एक बारीक आवाज, दातावर दात घासल्याचा. तो मला कूलरचा वाटला.

त्याचा ट्रे स्वच्छ होता. खरं सांगते, मला बरंच वाटलं. आज साफ करायचा त्रास वाचला, असं मनात आलं आणि मी चहा टाकायला गेले.

बाहेर नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता. नागपुरात नवतप्यात माणूस, गाय, कबूतर, कुणीही मलूल दिसलं तरी निदान ठरलेलं असतं. ह्यांनी लांबूनच सांगितलं, "ऊन लागलं त्याले."

यांचा उन्हावर फार अभ्यास. ऋचा शाळेत होती तेव्हापासून मे महिन्यात ती घराबाहेर पडायला निघाली की हे तिच्या दप्तरात एक लहान पांढरा कांदा टाकायचे. कांदा जवळ असला की लू लागत नाही, ही काटोलची पक्की समजूत. ती चिडायची, "बाबा, वर्गात वास येतो!" आणि जिन्यातच कांदा आमच्या कुंडीत फेकायची. आमच्या कुंडीत कढीपत्त्यापेक्षा कांद्याची पात जास्त यायची. हे बघायचे, काही बोलायचे नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकायचे.

तेच उपचार आता दोडक्यावर झाले. ओला पंचा. कूलर फुल्ल. कांद्याचा रस तळपायांना. पिंजऱ्याच्या दाराला एक कांदा टांगला. कैरी भाजून पन्हं केलं ते मी, ह्यांना दोष देऊन मोकळी होत नाही. ड्रॉपरनं त्याच्या तोंडात मीच सोडलं. संध्याकाळी त्यानं ते सगळं ओकून टाकलं.

"गर्मी निघाली," हे म्हणाले. "आता पाहा कसा उड्या मारते तर."

ऋचाचा रोजचा व्हिडिओ फोन आला. तिनं एक मिनिट बघितलं.

"आई, फोन त्याच्या तोंडाजवळ ने. दात वाजवून राहिला का तो?"

"हो, मला वाटलं कूलर आहे."

"शी केली?"

मी ट्रेकडे बघितलं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. कालही ट्रे स्वच्छच होता.

"बाबा, हे ऊन नाहीये," ऋचा म्हणाली. "त्यानं काहीतरी गिळलंय. त्याला आता काही भरवू नका. दवाखान्यात न्या."

"तू बंगलोरले बसून मले नागपूरचं ऊन शिकवते का?"

"आणि तो कांदा कशाला टांगलाय? काही होत नाही कांद्यानं, बाबा! कधीच काही झालं नाही!"

जवळच्या दवाखान्याला फोन लावला. ते म्हणाले, आम्ही मुंगूस बघत नाही. माझं ते वाक्य ऐकायलाही थांबले नाहीत. शेवटी रामदासपेठेतल्या एका डॉक्टर मॅडम सापडल्या. त्यांनी सकाळी दार उघडताच या म्हणून सांगितलं आणि तोवर तोंडात काही घालू नका, हेही.

रामदासपेठ

डॉक्टर मॅडम ऋचाच्याच वयाच्या. आल्या आल्या सांगून टाकलं, "फेरेट मी फार बघितलेले नाहीत. पण बघितलेत." मला त्यांचं ते सरळ बोलणं आवडलं. त्यांनी दोडक्याचे कान चाचपले, हिरड्या बघितल्या, मग दोन बोटांनी हळूच पोट दाबलं. दोडका कण्हला. हा प्राणी कण्हतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"ऊन लागलेलं जनावर धापा टाकतं, अंग भाजतं," त्या म्हणाल्या. "याचे कान गार आहेत. तुमचा अंदाज अगदीच वेडगळ नव्हता, उन्हानं हे प्राणी खरंच दगावतात. पण उन्हानं अशी शी अडत नाही."

कांद्याचं ऐकून त्यांनी मात्र मान वर केली. "पोटात नाही ना गेला? कांदा यांना विष आहे." ह्यांनी नकळत खिशावर हात ठेवला. खिशात स्वतःचा कांदा होता.

"घरातली काही रबराची, फोमची वस्तू हरवली का?"

"नाही," हे ठाम म्हणाले. "काहीच हरवलं नाही."

एक्स-रेमध्ये पोट वायूनं फुगलेलं दिसलं. गिळलेली वस्तू दिसली नाही. रबर त्यात नीट दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. आतडं अडलंय असा दाट संशय आहे, पण खात्री पोट उघडल्यावरच. जीव एवढासा, त्यात अशक्त झालेला, भूल सोसेलच असं नाही. आणि थांबलो तर अडलेल्या जागी आतडं सडतं, मग काही करता येत नाही. सलाईननं जरा तरतरी येईपर्यंत ठरवा, म्हणाल्या आणि दोडक्याला आत घेऊन गेल्या.

बाकावर आम्ही दोघं आणि स्पीकरवर ऋचा.

"करा ऑपरेशन," ती म्हणाली.

"पक्कं नाही त काहून फाडायचं?" हे म्हणाले. "टेबलावरच गेला मंग? सलाईन लावू, उद्यापर्यंत पाहू."

"काल दिवसभर पाहूनच राहिले होते ना तुम्ही! कांदा बांधून!"

"ऋचा," मी म्हटलं.

"मी तो तुमच्या भरवशावर सोडला होता, बाबा." आणि फोन बंद.

शेजारी एक लॅब्रेडॉर माझ्या चपलेवर डोकं ठेवून पडला होता. त्याच्या मालकीणबाईंनी त्याला ओढलं नाही, म्हणून त्यांचे आभार. तेवढाच काय तो आधार.

मला भीती कशाची वाटत होती ते लिहिते. दोडका मरेल याची वाटत होतीच. त्याहून जास्त ही वाटत होती की, तो यांच्या 'थांबू या'मुळे मेला, तर ही बापलेक पुन्हा बोलायची नाहीत. दोघं एका साच्यातली. दोघांनाही भांडता येतं, नंतर परत जवळ कसं यायचं ते येत नाही. तो एवढासा प्राणी आत टेबलावर पडला होता आणि माझं अख्खं घर त्याच्या पोटात अडकलं होतं.

सोफ्याखाली

डॉक्टर मॅडमनी घरच्या वासाचं एखादं कापड आणायला सांगितलं. ऋचाच्या जुन्या स्वेटरची बाही आहे, तो तिच्यातच झोपतो. ती आणायला मी रिक्षानं घरी आले.

सकाळच्या घाईत कूलर चालूच राहिला होता. रिकाम्या घरात त्याचा आवाज थडथड, थडथड येत होता. इतके दिवस तो आवाज कानावरून गेला होता, तो त्या वेळी पहिल्यांदा ऐकू आला. बटण बंद केलं, बाजूची जाळी काढली. टाकीतला पंप एका अंगाला कलला होता. त्याला खाली चार रबरी पाय असतात, तळाला चिकटून बसायला. तीनच होते.

मी तशीच सोफ्यापाशी गेले आणि या वयात जमिनीवर पालथी पडले. काठीनं सगळा खजिना बाहेर ओढला. मोजे, बाटलीचं झाकण, रिमोटचं बटण, माझ्या चपलेच्या अंगठ्याची पट्टी. काळं रबर नाही. पुन्हा काठी फिरवली. नाही.

ह्यांना फोन लावला. "अहो, पंपाचा एक पाय कुठाय?"

"सोफ्याखाली असन."

"नाहीये."

"नीट पाहा."

"दोनदा पाहिलं."

मग हे म्हणाले, "माह्या हातातून घेऊन पळाला होता वं तो. मी हासत होतो."

हे डॉक्टरांशी खोटं बोलले नव्हते. दोडक्यानं नेलेली वस्तू आमच्या घरात हरवलेली नसतेच, सोफ्याखाली असते. रविवारी मिळते. त्या पायाचा रविवार अजून यायचा होता, एवढंच.

मी बाही घेऊन परत पोचले तोवर ह्यांनी स्वतःच आत जाऊन सांगितलं होतं, "करा." बाकावर बसले होते. टोपी हातात. मी बाजूला बसले तर माझ्याकडे बघितलं नाही.

चिंचोक्याएवढं

बऱ्याच वेळानं डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. हातात स्टीलचं छोटं तबक. त्यात चिंचोक्याएवढं काळं काहीतरी, एका बाजूनं कुरतडलेलं.

"आतडं काळं पडलेलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "भूल सोसली त्यानं. उद्यापर्यंत थांबलो असतो तर…" वाक्य त्यांनी सोडून दिलं. ह्यांनी ते तबक डोळ्यांजवळ नेलं, फिरवून फिरवून बघितलं.

"एवढंसं?" म्हणाले, आणि रडले. माझ्या संसारात मी यांना फार थोड्यांदा रडताना पाहिलं आहे. एका रबराच्या तुकड्यासाठी पहिल्यांदाच.

पुढचे दिवस दवाखान्याचे. एवढ्याशा पायाला सलाईनची सुई, चिकटपट्टीनं बांधलेली. पोटावरचे केस भादरलेले, खाली टाक्यांची रेघ. परवानगी मिळाल्यावर चिकनची अगदी पातळ पेस्ट, सिरिंजनं, घोटघोट. आम्हाला सकाळी आणि संध्याकाळी थोडा वेळ भेटता येई, पण हे डबा घेऊन दिवसभर बाकावरच बसत. येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारता सांगत, "मुंगूस नाही, फेरेट आहे." माझं वाक्य ह्यांनी घेतलं, मी सुटले.

ऋचा फोन फक्त मला करायची. "त्यांना सांग, पेस्ट कोमट द्या म्हणावं." मी फोन कानाला लावून यांच्याकडे वळून सांगायची, "कोमट द्या म्हणते." हे म्हणायचे, "सांग तिले, कोमटच हाय." माझं नुसतं पोस्ट ऑफिस झालं होतं. एकदा चिडून मी म्हटलंही, "मला मध्ये घेऊ नका, मी काही गिळलेलं नाही." कुणी हसलं नाही.

डॉक्टर मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की, शी होईपर्यंत काही खरं नाही. शी झाली म्हणजे आतडं पुन्हा चालू लागलं. आपण देवाकडे काय काय मागतो! त्या दिवसांत मी चालताबोलता, पोळी लाटताना, रिक्षात, एकच गोष्ट मागत होते, आणि ती कुणाला सांगता येण्यासारखी नव्हती.

एका दुपारी मी डबा घेऊन पोचले तर हे पिंजऱ्यासमोर वाकून उभे. हात वर करून मला गप्प केलं. मग खिशातून फोन काढला आणि स्वतः नंबर लावला.

"ऋचा. झाली."

"काय झालं बाबा?" तिचा आवाज मला चार हातांवरून ऐकू आला. फार घाबरलेला.

"शी."

"कशी आहे?"

"पातळ हाय. हिरवी. लय घाण वास मारते."

फोनमधून जो आवाज आला तो हसण्याचा होता की रडण्याचा, मला सांगता येणार नाही. "फोटो पाठवा," ती म्हणाली. ह्यांनी गडबडीत तो घरच्या सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला. काटोलच्या थोरल्या जाऊबाईंनी काय आहे ते न बघताच नमस्काराचे हात टाकले. मी ते बरोबरच धरते.

ज्यांच्या घरी फेरेट आहे त्यांना

ट्रे स्वच्छ दिसला तर खूश होऊ नका. खाणं सोडणं, तोंडावर पाय घासणं, लाळ, दात वाजणं, मागचे पाय ओढणं, शी बंद होणं किंवा दोऱ्यासारखी होणं, यातलं काहीही दिसलं तर घरचा उपाय करत बसू नका. तेल नाही, जुलाबाचं औषध नाही, पन्हं तर नाहीच. बळजबरीनं भरवू नका. लगेच डॉक्टर गाठा. आणि घरात काय हरवलंय ते डॉक्टरांनी विचारायच्या आधीच मोजून या. 'सोफ्याखाली असेल' ही वस्तूसुद्धा हरवलेलीच धरा.

निघताना

दोडका घरी आला त्याच आठवड्यात ऋचाही आली. आली ती सरळ पिंजऱ्यापाशी बसली. बापाला वाकून नमस्कार केला, पण वर बघितलं नाही. हे "जेवली का?" म्हणाले. ती "हो" म्हणाली. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर दोघं हॉलमध्ये जमिनीवर. घरातलं सगळं रबर समोर मांडलेलं. ती वस्तू उचलून दाखवायची, हे 'ठेव' किंवा 'फेक' म्हणायचे. पंपाचे उरलेले तीन पायही ह्यांनी काढून टाकले होते. पंप आता फरशीच्या तुकड्यावर बसतो आणि पूर्वीपेक्षा जास्त आवाज करतो. दोडका ऋचाच्या ओढणीत झोपला होता, भादरलेलं गुलाबी पोट वर करून. कांद्याची टोपली स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर गेली होती. मला आता कांदा घ्यायला स्टूल लागतं.

त्या दिवसाबद्दल मात्र दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही. मी वाट बघितली. मग वाट बघणं सोडलं.

ती परत जायला निघाली ती भर दुपारी. विमान तेव्हाचंच होतं. खाली टॅक्सी येऊन उभी राहिली, बाहेर डोळा उघडवत नव्हता. ऋचानं तोंडाला ओढणी गुंडाळली, बॅग उचलली. हे दारात उभे होते, दोडक्याला कडेवर घेऊन. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच अशा उन्हात ती निघाली आणि हे स्वयंपाकघरात गेले नाहीत. वरच्या फळीकडे एकदा बघितलं, मग खाली बघितलं.

ऋचा जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली, थांबली आणि परत वर आली. हात पुढे केला.

"बाबा, माझा कांदा?"

हे आत गेले, स्टूल ओढलं, टोपलीतून सगळ्यात लहान पांढरा कांदा शोधून काढला, शर्टाला पुसला आणि तिच्या बॅगच्या बाहेरच्या कप्प्यात टाकला. दोडका वळवळून तिकडे मान लांबवत होता. त्याला ह्यांनी दुसऱ्या हातानं लांब धरलं होतं.

ती गेल्यावर मी जिन्यातल्या कुंडीत बघितलं. कांदा नव्हता.